चौदाव्या वर्षाचे आईपण



शाळेच्या हीरक महोत्सवात मातृभाषा, संस्कार, माजी विद्यार्थ्यांचे यश असे विषय शोभून दिसतात. किशोरवयातील मातृत्व हा त्या पंक्तीतला विषय नव्हे. नववी-दहावीच्या मुली समोर बसलेल्या असताना तो काढावा काय, अशी शंका काही पालकांच्या मनात आली असेल तर ती अस्वाभाविक म्हणता येणार नाही. परंतु ज्या वयाविषयी हे विवेचन आहे ते वय याच बाकांवर बसते. जो विषय घरात किंवा वर्गात बोलता येत नाही, तो पुढे केव्हातरी रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात नाहीतर पोलीस ठाण्यात बोलावा लागतो. त्यापेक्षा शाळेचे सभागृह बरे.

मराठी समाजाला हा विषय नवाही नाही. आनंदीबाई जोशी यांचे नाव येथील प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. पहिल्या भारतीय स्त्री-डॉक्टरांपैकी एक म्हणून त्यांचे चित्र शाळाशाळांतून लावलेले असते. त्या चित्रामागची हकिकत मात्र क्वचित सांगितली जाते. १८६५ साली जन्मलेल्या या मुलीचा विवाह नवव्या वर्षी झाला. वर, म्हणजे पोस्टखात्यात नोकरीला असलेले गोपाळराव, तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि तो अवघे दहा दिवस जगला. आपल्या बाळाला योग्य वैद्यकीय उपचार मिळाले नाहीत, ही खंत तिच्या मनात रुतून बसली आणि वैद्यक शिकण्याचा निश्चय त्या खंतीतून झाला. गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर भूज, कलकत्ता असे मराठी मुलखाबाहेरचे मुक्काम करत करत ती १८८३ साली अमेरिकेस गेली. निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथे तिने जाहीर सभेत आपल्या जाण्यामागची कारणे सांगितली. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये तिला एम.डी. ही पदवी मिळाली. तिने प्रबंधासाठी निवडलेला विषय होता हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याच्या आतच, क्षयाने तिचा अंत झाला.

प्रबंधासाठी विषयांची काय वाण होती? तरी तिने प्रसूतीच निवडली. पदवीचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने त्या दहा दिवसांच्या बाळाचीही आठवण ठेवायला हवी होती. कारण त्याच्यावाचून पदवीची कथा सुरूच होत नाही.

दुसरी हकिकत जयंतीबाईंची. हे नाव फारसे कोणाला ठाऊक नसते. त्यांच्या कन्येचे, डॉ. रखमाबाईंचे, असते. जयंतीबाईंचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी त्यांना मुलगी झाली आणि सतराव्या वर्षी त्या विधवा झाल्या. लग्न, बाळंतपण आणि वैधव्य ही तिन्ही स्थित्यंतरे आजच्या आठवी ते अकरावीच्या वयात उरकली गेली. त्यांच्या ज्ञातीत पुनर्विवाहाला मज्जाव नव्हता, म्हणून पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी त्यांचा विवाह होऊ शकला. रखमाबाईंचाही विवाह अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लावून देण्यात आला. मात्र सावत्र वडील स्वतः डॉक्टर होते. कोवळ्या वयातील सहवासाचे परिणाम त्यांनी पाहिलेले होते. मुलीला त्यांनी सासरी धाडले नाही. १८८४ साली दादाजींनी वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेसाठी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला, पण अपिलानंतर प्रकरण पुन्हा चालले आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी, पतीकडे जावे अन्यथा सहा महिने तुरुंगवास पत्करावा, असा निकाल दिला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला.

बाईंचे पुढचे आयुष्य गुजरातेला जवळचे आहे. लंडनमध्ये वैद्यक शिकून परतल्यावर त्यांनी सुरतेच्या स्त्री-रुग्णालयात दीर्घकाळ काम केले आणि नंतर राजकोटलाही. सुरतेत प्रारंभी बायका बाळंतपणासाठी रुग्णालयाची पायरी चढत नसत. तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणवून तिची सुटका करून दाखवली आणि मग कोठे बायकांची भीड चेपली, अशी आठवण सांगितली जाते. पंधराव्या वर्षी आई झालेल्या मुलीची ही मुलगी. स्वतःच्या देहावरचा हक्क न्यायालयात मागितल्यानंतर उरलेले आयुष्य तिने दुसऱ्यांच्या बाळंतपणांत घालवले.

त्या काळी कायदा काय म्हणत होता? १८६० च्या दंडसंहितेने संमतिवय दहा वर्षे ठरवले होते. विवाहित मुलीलाही तेच लागू. १८९० च्या सुमारास कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या बळजबरीने रक्तस्राव होऊन मरण पावली. पतीचे वय पस्तीस. मुलगी दहा वर्षांच्या पुढची असल्यामुळे त्याच्यावर बलात्काराचा आरोप टिकू शकत नव्हता. बेहरामजी मलबारी यांनी चालवलेल्या चळवळीला या मृत्यूने बळ दिले आणि मार्च १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारा झाले. पुण्यामुंबईत या विधेयकावरून किती रण माजले ते मराठी वाचकांना माहीत आहे. डॉ. भांडारकरांनी धर्मग्रंथांचे दाखले देऊन त्याचे समर्थन केले. लोकमान्य टिळकांनी परकीय सरकारच्या हस्तक्षेपाला कडवा विरोध केला. पण त्याच टिळकांनी सुधारकांपुढे, मुलीचा विवाह सोळा वर्षांआधी करणार नाही अशी स्वेच्छेची प्रतिज्ञा घेण्याची सूचनाही ठेवली होती. वाद सरकारने हात घालावा की नाही याचा होता. बारा वर्षांच्या मुलीने आई व्हावे असे शहाण्यांपैकी फारसे कोणी उघडपणे म्हणत नव्हते, आणि तरीही घरोघर ते होत होते.

बडोदे संस्थानाने मात्र हात घातला. सयाजीराव महाराजांनी १९०४ साली बालविवाह प्रतिबंधक निबंध लागू केला आणि मुलीसाठी बारा, मुलासाठी सोळा अशी किमान वयोमर्यादा घातली. ब्रिटिश हिंदुस्थानात असा कायदा व्हायला आणखी पंचवीस वर्षे जायची होती. ज्या प्रजेसाठी हा निबंध होता तिच्या चालीरीती आज ऐकताना खऱ्या वाटणार नाहीत. उत्तरेकडील कडी प्रांतात कडवा कणबी समाजाची लग्ने दर दहा-बारा वर्षांनी, उंझ्याच्या उमिया मातेच्या स्थानावरून जाहीर होणाऱ्या एकाच मुहूर्तावर लागत. मुहूर्त चुकला की पुढचे तप वाट पाहणे आले. म्हणून पाळण्यातल्या मुलांची, क्वचित पोटातल्या मुलांचीही लग्ने ठरवली जात. वर न मिळाल्यास मुलीचे लग्न फुलांच्या गुच्छाशी लावून तो विहिरीत टाकत, म्हणजे ती विधवा ठरून पुढे सोयीने नातरे करायला मोकळी. कायद्याने हे सारे एका वर्षात थांबले नाही. सवलतीचे अर्ज होत राहिले, दंड होत राहिले, आणि पुष्कळ कुटुंबांनी दंडाची रक्कम लग्नाच्या खर्चात मांडायला सुरुवात केली. मंडप इतका, वाजंत्री इतकी, सरकारचा दंड इतका.

त्याच सयाजीरावांनी १८९३ साली अमरेलीत आणि १९०६ साली साऱ्या संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. या दुसऱ्या उपायाची पहिल्याशी सांगड होती, पण मुलींसाठी शाळेची सक्ती दहाव्या वर्षाच्या आसपास संपे आणि लग्नाचा तगादा तेथूनच सुरू होई. हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

अखिल भारतीय पातळीवर १९२८ साली संमतिवयाच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्षपद सर मोरोपंत जोशी यांच्याकडे होते. देशभर फिरून समितीने साक्षी घेतल्या. त्यांत डॉक्टर आणि सुइणींनी अल्पवयीन बाळंतिणींविषयी जे सांगितले, ते वाचताना मन सुन्न होते. मुलींचा विवाह चौदा वर्षांच्या आत होऊ नये असे समितीचे मत पडले. हरविलास सारडा यांचे विधेयक १९२९ मध्ये संमत झाले आणि १ एप्रिल १९३० पासून अमलात आले. मुलींसाठी चौदा, मुलांसाठी अठरा. पुढे १९४९ मध्ये मुलींची मर्यादा पंधरा आणि १९७८ मध्ये अठरा झाली, मुलांची एकवीस. दहापासून अठरापर्यंत यायला कायद्याला शंभराहून अधिक वर्षे लागली.

आता आजचे चित्र. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत पंधरा ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलींपैकी ६.८ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर आढळल्या. २००५–०६ मध्ये हेच प्रमाण १६ टक्के होते. घट मोठी आहे. ती नाकारण्याचे कारण नाही. वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण त्याच काळात ४७.४ वरून २३.३ टक्क्यांवर आले. तरीही चारांतील जवळजवळ एक. गुजरातेत हे प्रमाण २१.८ आणि महाराष्ट्रात २१.९ आहे. पुरोगामित्वाचा टेंभा मिरवणाऱ्या आणि व्यापारी प्रगतीचा अभिमान बाळगणाऱ्या, दोन्ही राज्यांनी यावरून एकमेकांकडे बोट दाखवू नये. किशोरवयीन मातृत्वात महाराष्ट्र ७.६ टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीच्याही वर, गुजरात ५.२. त्रिपुरा आणि पश्चिम बंगाल ही राज्ये सर्वांत वरच्यांपैकी आहेत. शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण दुपटीहून अधिक आहे, आणि कधीच शाळेत न गेलेल्या मुलींमध्ये ते बारावीपर्यंत शिकलेल्या मुलींच्या कित्येक पट आहे.

या आकड्यांविषयी एक सावधगिरी हवी. सर्वेक्षणात पंधरा वर्षांखालील मुलींना हा प्रश्न विचारलाच जात नाही. आनंदीबाई आज असत्या, तर बाळ गेल्यावेळी त्या या टक्केवारीत मोजल्या गेल्या नसत्या.

शरीराचा हिशेब वेगळा सांगायला नको असे वाटते, पण सांगितला पाहिजे. कारण पाळी आली म्हणजे मुलगी ‘मोठी’ झाली, हा समज सुशिक्षित घरांतही टिकून आहे. पाळी सुरू होणे ही वाढीची सुरुवात असते. उंचीची वाढ थांबत आल्यावरही कटिराची हाडे काही वर्षे रुंदावत राहतात. ती वाढ पुरी होण्याआधी प्रसूती आली तर मूल अडते. वेळेवर शस्त्रक्रिया झाली नाही तर आई किंवा बाळ, कधी दोघेही, जातात. वाचली तरी दीर्घकाळ दाबल्या गेलेल्या भागाला छिद्र पडून लघवी सतत झिरपत राहण्याचे दुखणे काहींच्या वाट्याला येते. त्या दुखण्याने अंगाला येणाऱ्या वासामुळे कितीतरी मुली घराच्या मागच्या पडवीत राहिल्या आणि तेथेच संपल्या. रक्तदाब वाढून झटके येणे, प्रसूतीनंतरचा जंतुसंसर्ग, कमी वजनाचे बाळ या साऱ्यांचा धोका विशीतल्या आईपेक्षा किशोरवयीन आईला अधिक. त्यात आपल्याकडे मुलींच्या रक्तातच कमतरता. याच सर्वेक्षणानुसार पंधरा ते एकोणीस वयातील ५९.१ टक्के मुली रक्तक्षयी आहेत. वाढत्या मुलीच्या ताटात जे पुरेसे नव्हते, त्यात आता दुसरा वाटेकरी आला.

भारतात किशोरवयीन मातृत्व बव्हंशी लग्नाच्या आत घडते. ‘टीनएज प्रेग्नन्सी’ हा शब्द ऐकला की मनात चित्रपटातील पळून गेलेली मुलगी उभी राहते. वस्तुतः ती मुलगी हळद लागलेली, वडीलधाऱ्यांच्या पाया पडून निघालेली आणि पहिल्याच वर्षी ‘गोड बातमी’ विचारली जाणारी असते. तिच्या गरोदरपणाने कोणाची अब्रू जात नाही, म्हणून तो प्रश्नही ठरत नाही.

हे लग्न का होते, याला एकच उत्तर नाही. मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण ४३.७ टक्के नोंदले गेले. ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल मिळते ती जोडप्याला. एका जोडप्याला ‘एक कोयता’ म्हणतात. लग्न झाले की मुलाच्या घरी एक कोयता वाढतो. शिवाय दिवाळीनंतर आई-बाप सहा महिने कारखान्याच्या फडावर जाणार, त्यांतले पुष्कळ कर्नाटकात. वयात आलेल्या मुलीला गावी कोणाच्या भरवशावर ठेवावे? फडावर न्यावे तर तेथे ना दार ना आडोसा. बापाला कायदा ठाऊक असतो. मुलीला सुरक्षित ठेवण्याचा लग्नाखेरीज दुसरा मार्ग मात्र त्याला दिसत नाही. अशा बापाला केवळ रानटी ठरवून प्रश्न सुटत नाही. पुष्कळ ठिकाणी कारण आणखी साधे असते. आठवीपर्यंतची शाळा गावात, नववीची सात किलोमीटरवर. बिहारने २००६ च्या सुमारास नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली दिल्या, आणि माध्यमिक शाळेतील मुलींची संख्या लक्षणीय वाढल्याचे अभ्यासकांना आढळले. जेथे शाळा लांब होती तेथे हा परिणाम अधिक दिसला.

येथे सयाजीरावांच्या सक्तीचा मुद्दा परत येतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. चौदाव्या वर्षी तो हक्क संपतो. लग्नाचे कायदेशीर वय अठरा. मधली चार वर्षे मुलगी कायद्याने शाळेची नाही आणि कायद्याने सासरचीही नाही. बडोद्यात ही फट दहा आणि बाराच्या मध्ये होती. शंभर वर्षांत तिची जागा बदलली आणि ती रुंदावली.

आता त्या दुसऱ्या मुलीविषयी, जिच्या बाबतीत लग्न झालेले नाही. ती संख्येने कमी, परंतु एकाकीपणात सर्वांहून पुढे. काही वेळा तिच्यावर अत्याचार झालेला असतो आणि तो करणारा बहुधा ओळखीतला, कधी घरातलाच असतो. काही वेळा समवयस्क मुलाशी मैत्री असते आणि दोघांनाही परिणामांची अक्षरशः कल्पना नसते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलीशी लैंगिक संबंध हा, तिची संमती असो वा नसो, गुन्हाच आहे. ज्याला त्याची माहिती कळते त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. कायद्याचा हेतू बालकांच्या रक्षणाचा आहे आणि त्याची गरज वादातीत आहे. पण सोळा-सतरा वर्षांच्या दोघांच्या प्रकरणात त्याचा परिणाम असा होतो की मुलगी डॉक्टरकडे जायला घाबरते. गेली तर पोलीस येतील, मुलगा तुरुंगात जाईल, गावभर बातमी होईल. मग घरगुती काढा, कोणा भोंदूच्या गोळ्या, दिवस लांबवणे. वैद्यकीय गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन अल्पवयीन मुलींसाठी चोवीस आठवड्यांपर्यंतची मुदत मिळाली. तरी ती मुदत उलटून गेल्यावर उच्च न्यायालयाच्या दारात उभ्या राहणाऱ्या मुलींच्या बातम्या येत राहतात. दिवस मोजायचे कोणी? तिला मोजणे शिकवलेच नव्हते.

सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात एक वाट मोकळी केली. संमतीने झालेल्या संबंधातून गरोदर राहिलेली अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली, तर तिच्या आणि पालकांच्या विनंतीवरून डॉक्टरांनी पोलिसांना द्यावयाच्या माहितीत तिची ओळख उघड करण्याची आवश्यकता नाही, असे न्यायालयाने म्हटले. पालकांनी आणि शिक्षकांनी हे माहीत करून घेणे अगत्याचे आहे. संमतीचे वय सोळावर आणावे काय, हा वाद वेगळा. विधी आयोगाने २०२३ च्या अहवालात ते अठराच ठेवावे, पण सोळा ते अठरा वयाच्या प्रकरणांत शिक्षा देताना न्यायाधीशांना विवेकाधिकार असावा, असे सुचवले आहे. विवाहित मुलीच्या बाबतीतही २०१७ पासून अपवाद राहिलेला नाही. अठराखालील पत्नीशी संबंध हा बलात्कार ठरतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि नव्या भारतीय न्याय संहितेत तो कायम झाला. फुलमणीपासून येथवर यायला सव्वाशेहून अधिक वर्षे गेली.

अविवाहित मातेला समाजाने काय द्यावे, याचे एक उत्तर पुण्यात १८६३ साली देण्यात आले होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. लहानपणी विधवा झालेल्या, फसवल्या गेलेल्या मुलींनी तेथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा तेथेच ठेवावे. तिची जात, तिचा दोष, पुरुषाचे नाव यांची चौकशी नव्हती. काशीबाई नावाची एक विधवा तेथे आली. तिचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला, त्याचे नाव यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला. दत्तक घेणे एक वेळ समजू शकते. पण आधी दार उघडून, नाव न विचारता आत घेणे, ही गोष्ट दीडशे वर्षांनंतरही कितीशा मराठी घरांना जमेल? बडोदे, इंदूर, हैदराबाद येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर आपण परप्रांतात अल्पसंख्य आहोत, चार लोकांत नाव खराब होऊ नये, ही जादा धास्ती असते. आणि तिची किंमत मुलगी मोजते.

शाळेने काय करावे? आरोग्य खात्याने २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला, त्यात किशोरवयीनांसाठी स्वतंत्र सल्ला-केंद्रे आहेत. पण ती कोठे आहेत हे बहुतेक विद्यार्थ्यांना माहीत नसते. सूचना फलकावर तो पत्ता आणि १०९८ हा बालकांसाठीचा दूरध्वनी क्रमांक लिहायला खडूखेरीज काही लागत नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी ‘तारुण्यभान’ या उपक्रमातून शरीर, पाळी, आकर्षण, जबाबदारी याविषयी मुलामुलींशी मराठीत मोकळेपणी बोलण्याचा प्रघात पाडला. या बोलण्याला मराठीत शब्दच नाहीत ही सबब त्यामुळे उरत नाही. जीवशास्त्राच्या पुस्तकातील प्रजननाचा धडा ‘घरी वाचून या’ असे सांगून पान उलटण्याची प्रथा मात्र इंग्रजी माध्यमातही आहे, तेव्हा त्यात मातृभाषेचा दोष नाही.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पाचोड येथे एका आरोग्यसंस्थेने शाळा सुटलेल्या आणि शाळेत असलेल्या अविवाहित मुलींसाठी रोज संध्याकाळी एक तासाचा वर्ग वर्षभर चालवला. आरोग्य, आहार, हिशेब, बँकेचा आणि कायद्याचा परिचय, मनातले बोलून दाखवण्याचा सराव. वरकरणी त्यात क्रांतिकारक काही नव्हते. तरी त्या गावांतील मुलींच्या लग्नाचे मध्यम वय काही वर्षांतच सोळावरून सतरावर सरकले. एक वर्ष! बीजगणितात ते क्षुल्लक ठरेल. पण दहावीच्या परीक्षेला बसणे आणि न बसणे यांतले अंतर तेवढेच असते. याउलट, पश्चिम बंगालने २०१३ पासून ‘कन्याश्री’ योजनेत, अठरापर्यंत अविवाहित राहून शिकत राहणाऱ्या मुलीला एकरकमी पंचवीस हजार रुपये द्यायला आरंभ केला. योजनेचा संयुक्त राष्ट्रांकडूनही गौरव झाला. मुली शाळेत टिकल्या, हे त्या योजनेचे मोठे यश. तरी तेथे अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण दोन्ही सर्वेक्षणांत ४१.६ टक्केच राहिले. पैसा लागतो, पण संध्याकाळचा तो तासही लागतो, आणि तो घेणारी एक बाई लागते.

ज्या मुलीचे लग्न होऊन गेले, तिच्यासाठीही दार बंद नाही. २००६ च्या कायद्यानुसार अल्पवयात झालेला विवाह, वयात आल्यावर दोन वर्षांच्या आत, ती स्वतः न्यायालयाकडून रद्द करून घेऊ शकते. झालेले मूल औरस मानले जाते. ती शाळेत परत येऊ शकते. आली तर तिला कोणत्या बाकावर बसवायचे, इतर पालकांची तक्रार आली तर मुख्याध्यापकांनी काय उत्तर द्यायचे, दूध पाजण्यासाठी मधल्या सुट्टीत तिला घरी जाऊ द्यायचे की नाही, हे प्रश्न त्या दिवशी सुचून चालत नाहीत. संस्थेच्या बैठकीत ते आधी ठरलेले असावेत आणि इतिवृत्तात लिहिलेले असावेत.

आणि हजेरीपट. दर जून महिन्यात नववीच्या हजेरीपटातून दोन-तीन मुलींची नावे नाहीशी होतात. पुढे शेऱ्याच्या रकान्यात ‘दीर्घ अनुपस्थिती’ किंवा ‘स्थलांतर’ असे लिहिले जाते. शाळा सोडल्याचा दाखला न्यायला कोणी आलेले नसते. साठ वर्षांचे हजेरीपट संस्थेच्या दप्तरात जपून ठेवलेले आहेत. महोत्सवाच्या निमित्ताने गुणवंतांच्या याद्या त्यातूनच काढण्यात आल्या. त्याच पानांवरून, ज्यांच्यापुढे कोणताच निकाल लिहिलेला नाही अशा मुलींचीही एक यादी करता येईल. त्यांतल्या काही आज साठीच्या घरात असतील. काहींच्या नाती कदाचित या वर्षी याच शाळेत आठवीत असतील.